थॉमसच्या मागे उभी असलेली वाघीण



न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड या पट्ट्यात राहणारे आणि घरात लहान मूल असलेले तुमच्यापैकी बरेच जण स्ट्रासबर्गला जाऊन आला असाल. लँकेस्टर काउंटीतलं ते छोटं गाव, थॉमसच्या निळ्या इंजिनासमोर फोटो काढायची रांग, आणि मग आमिश लोकांच्या शेतांमधून खऱ्याखुऱ्या वाफेच्या गाडीतून फेरी. पोरं खूश, आपण दमलेले, येताना गाडीत सगळे झोपलेले.

पुढच्या वेळी गेलात तर एक गोष्ट करा. थॉमसकडे पाठ फिरवून बाजूच्या रुळांकडे बघा. तिथे कधी कधी मळकट मालडबे उभे असतात. त्यांच्यासोबत कुणी फोटो काढत नाही. आपल्याकडे रेल्वेची माणसं त्यांना 'वाघिणी' म्हणतात, इंग्रजी 'वॅगन'वरून आलेला शब्द. माझ्या लेकीला हा शब्द सांगितला तेव्हा ती टायगर शोधायला लागली होती! तर आजची पोस्ट या वाघिणीबद्दल आहे. ती नसती तर थॉमससाठी इथे रूळच उरले नसते.

मी सीए आहे. कुठेही फिरायला गेले की माझ्या डोक्यात आधी येतं, हे चालतं कसं आणि पैसे कोण देतं? स्ट्रासबर्गच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर शोधायला जवळजवळ दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

१८३० च्या आसपास पेनसिल्व्हेनिया सरकार फिलाडेल्फियापासून पश्चिमेकडे कालवे आणि रेल्वे यांची एक मोठी साखळी बांधत होतं. तिचा पहिला टप्पा म्हणजे फिलाडेल्फिया ते कोलंबिया ही ८२ मैलांची रेल्वे, १८३४ मध्ये सुरू झालेली. तोपर्यंत स्ट्रासबर्ग हे वाहत्या रस्त्यावरचं गाव होतं. फिलाडेल्फियाकडे माल नेणाऱ्या कोनेस्टोगा घोडागाड्या तिथून जायच्या. नवी रेल्वे मात्र गावाच्या उत्तरेकडून काही मैलांवरून जाणार होती. हायवे बाजूने गेला की जुन्या रस्त्यावरच्या हॉटेलांचं काय होतं ते आपण गावाकडे पाहिलेलं आहे. स्ट्रासबर्गच्या व्यापाऱ्यांनी ते आधीच ओळखलं आणि स्वतःची रेल्वे काढायचं ठरवलं. ९ जून १८३२ रोजी राज्याच्या विधिमंडळाच्या खास कायद्याने त्यांना सनद मिळाली. मुख्य लाइन अजून पुरी व्हायची होती, आणि तिला जोडणाऱ्या साडेचार मैलांच्या फाट्याची कंपनी कागदावर तयार होती.

अशा रेल्वेला इथे 'शॉर्टलाइन' म्हणतात. मोठ्या रेल्वेचं काम एका शहरातून दुसऱ्या शहरात माल नेणं. गिरणी, कारखाना, खताचं गोदाम, लाकडाची वखार यांच्या दारापर्यंत वाघीण नेऊन ठेवणं आणि रिकामी परत आणणं हे काम शॉर्टलाइनचं. पोस्टाची भाषा वापरायची तर एक मेल ट्रेन आणि दुसरा पोस्टमन.

सुरुवातीला स्ट्रासबर्गच्या गाड्या घोडे ओढत होते. पहिलं वाफेचं इंजिन १८५० नंतर आलं, तेही सेकंडहँड. स्टेशनाभोवती गिरणी, रंधा कारखाना आणि मशीन शॉप उभं राहिलं. १६ जानेवारी १८७१ ला आग लागली आणि डेपोसकट हे सगळं जळालं. नुकसान ५० हजार डॉलरच्या वर गेलं. त्या आगीत एकत्र काय काय गेलं ते बघा, म्हणजे रेल्वे आणि तिचे ग्राहक किती एकमेकांना चिकटून होते ते कळतं. शॉर्टलाइनचा ताळेबंद वाचायचा तर आधी तिच्या रुळांलगतच्या भिंती वाचाव्या लागतात.

पुढे १९०८ मध्ये गावात विजेवर चालणारी ट्रॉली आली आणि प्रवासी तिकडे गेले. रेल्वेकडे उरला माल आणि टपाल. १९२६ मध्ये कंपनीने पेट्रोलवर चालणारं २० टनांचं एक छोटं प्लिमथ इंजिन घेतलं. एवढ्या वर्षांत खास या रेल्वेसाठी बांधून घेतलेलं हे एकमेव इंजिन. बाकी सगळी इतरांनी वापरलेली. कंपनीची ऐपत काय होती ते यावरून समजा.

दुसऱ्या महायुद्धानंतर रस्ते सुधारले, ट्रक वाढले, एकेक ग्राहक रुळांवरून उतरला. त्यात वादळांनी रुळांची दुर्दशा केली. मालक वारला. १९५८ च्या सुमारास त्याच्या वारसांनी लाइन कायमची बंद करायची परवानगी मागितली. त्या वेळी या रेल्वेकडे मालाचा एकच ग्राहक उरला होता, स्ट्रासबर्गमधली एक गिरणी.

इथे जरा थांबते, कारण हिशेबाच्या दृष्टीने निर्णय अगदी सरळ होता. साडेचार मैल खराब रूळ, एक छोटं इंजिन, एक ग्राहक. माझ्या टेबलावर ही फाइल आली असती तर मीही 'बंद करा, भंगार विका, जमीन मोकळी करा' असंच लिहिलं असतं. अमेरिकेत असंच होत आलं. १९१६ मध्ये या देशात सुमारे २ लाख ५४ हजार मैल रेल्वेमार्ग होते, आज साधारण १ लाख ४० हजार उरलेत. एकदा रूळ उखडले, जमिनीचे तुकडे विकले गेले, त्यावर घरं आणि पार्किंग झालं, की ती पट्टी पुन्हा जोडता येत नाही. वहीत ते नुकसान एकाच वर्षी दिसतं. गावाला मात्र ते पुढे कायम सोसावं लागतं.

पण लँकेस्टरमधल्या दोन रेल्वेवेड्यांना, हेन्री लाँग आणि डोनाल्ड हॅलोक यांना, हे पाहवेना. त्यांनी आपल्यासारखीच काही माणसं जमवली. जवळजवळ वर्षभर खटपट केली आणि १ नोव्हेंबर १९५८ रोजी अख्खी रेल्वे १८ हजार डॉलरला विकत घेतली. १९६० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या घराची मध्यम किंमत ११,९०० डॉलर होती. म्हणजे दीड घराच्या भावात रेल्वे!

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. विकत घेतल्यावर पहिलं काम काय केलं असेल? रंगरंगोटी? तिकीटविक्री? आठच दिवसांत, ८ नोव्हेंबरला, त्यांनी मालाची एक वाघीण त्या एकमेव गिरणीपर्यंत ओढत नेली. पर्यटकांसाठी पहिली फेरी त्यानंतर निघाली, ४ जानेवारी १९५९ ला. वाफेचं इंजिन तर १९६० मध्ये आलं. आधी वाघीण, मग पाहुणे.

हा क्रम महत्त्वाचा आहे. इथल्या कायद्यात मालवाहू रेल्वे ही 'कॉमन कॅरिअर' असते. रास्त मागणी घेऊन कुणी ग्राहक आला तर त्याचा माल नेणं तिच्यावर बंधनकारक असतं. बागेत फिरणाऱ्या खेळण्यातल्या गाडीवर असं बंधन नसतं. लाँग आणि मंडळींनी रूळ, इंजिन आणि सनद यांच्याबरोबर ही जबाबदारीही विकत घेतली आणि पहिल्याच आठवड्यात ती पार पाडली. एका ग्राहकासाठी. त्यामुळेच ही रेल्वे आजही १८३२ च्या मूळ सनदेवर आणि मूळ नावावर चालते आहे.

आणि तिचे मोठे शेजारी? सरकारची ती कोलंबिया लाइन १८५७ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेलरोडने घेतली. ही कंपनी एके काळी जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांमध्ये गणली जायची. १९६८ मध्ये तिचं न्यूयॉर्क सेंट्रलशी विलीनीकरण होऊन पेन सेंट्रल झाली आणि २१ जून १९७० ला दिवाळखोरीत गेली. अमेरिकेतली तोवरची सगळ्यात मोठी दिवाळखोरी. मग १९७६ मध्ये सरकारने कॉनरेल उभी केली. १९९९ मध्ये तीही नॉरफोक सदर्न आणि सीएसएक्स यांच्यात वाटली गेली. मुख्य लाइनवरची पाटी इतक्या वेळा बदलली आणि फाट्यावरची पाटी तीच राहिली. यात लहान असणं फार थोर असतं असं मला म्हणायचं नाही. शेकडो लहान रेल्वे मेल्याच. ही जगली, कारण दोन ठिकाणांहून पैसे येण्याची सोय तिने वेळेवर केली. माल होताच, त्याला पाहुण्यांची जोड मिळाली.

मालाचा धंदा चालतो कसा तेही सांगते, मुलांना सांगायला उपयोगी पडेल. स्ट्रासबर्गची लाइन लीमन प्लेसला मुख्य मार्गाला मिळते. तिथे नॉरफोक सदर्नबरोबर वाघिणींची देवाणघेवाण होते. एका मोठ्या वाघिणीत साधारण शंभर टन माल मावतो, म्हणजे तीन ते चार ट्रकांचा. लांबून आलेला माल तिथे वाघिणीतून ट्रकमध्ये उतरवता येतो. ज्यांच्या दारात रूळ नाहीत असे व्यापारीही त्यामुळे ग्राहक होऊ शकतात. शॉर्टलाइनला पैसे मिळतात ते वाघिणीमागे, आणि परकी वाघीण तिच्या रुळांवर जितका वेळ उभी राहील तितकं भाडं ती मालकाला देणं लागते. त्यामुळे 'लवकर उतरव, लवकर परत पाठव' हा सगळा खेळ. ग्राहकाने वेळ लावला तर त्याला डेमरेज. हा शब्द आपल्या वडिलांच्या पिढीला मुंबईच्या गोदीवरून चांगला ठाऊक आहे.

रूळ राखायचा खर्च मात्र वाघिणी किती आल्या ते बघून कमी होत नाही. स्लीपर कुजतातच. म्हणून २००४ च्या कायद्याने शॉर्टलाइनना रुळांच्या देखभालीवर करसवलत दिली. खर्चाच्या निम्मी रक्कम, पण मैलामागे जास्तीत जास्त ३,५०० डॉलर. ही सवलत वर्षानुवर्षं संपायची आणि पुन्हा वाढवली जायची. २०२० च्या डिसेंबरात ती कायम झाली आणि २०२३ पासून दर ४० टक्के ठरला. साडेचार मैलांच्या कुठल्याही लाइनला हा हिशेब लावा. कमाल सवलत येते १५,७५० डॉलर. एवढ्याने कुणी श्रीमंत होत नाही, पण 'यंदा स्लीपर बदलायचे की पुढच्या वर्षी' या प्रश्नाचं उत्तर तेवढ्यानेही बदलू शकतं. देशात अशा सुमारे सहाशे शॉर्टलाइन आहेत.

अजून एक गंमत. तुमची मुलं ज्या काळ्या इंजिनामागे बसतात त्यातलं एक ९० नंबरचं आहे. बाल्डविन कंपनीने १९२४ मध्ये बांधलेलं. ते मूळचं कोलोरॅडोतल्या ग्रेट वेस्टर्न या शॉर्टलाइनचं. ती साखर कंपनीने स्वतःच काढलेली रेल्वे, म्हणजे ग्राहकच मालक! शेतातून साखरेचं बीट उचलायचं आणि कारखान्यात आणून टाकायचं हे या इंजिनाचं काम. आपल्याकडे हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतात ना, तसंच. स्ट्रासबर्गने ते १९६७ मध्ये घेतलं. म्हणजे पोरांना 'ओल्ड टाइम ट्रेन' म्हणून जे दाखवतो ते मुळात मालगाडीचं कष्टकरी इंजिन आहे. स्ट्रासबर्गलाही अधूनमधून वाफेचं इंजिन खरी मालगाडी ओढताना दिसतं. या देशात आता हे फार थोड्या ठिकाणी उरलंय.

तर पुढच्या वेळी एवढं करा. गाडी लीमन प्लेसला थांबते, इंजिन सुटं होऊन दुसऱ्या टोकाला लागतं. त्या वेळात बहुतेक जण फोन बघतात. मुलांना खिडकीशी न्या. बाजूने ॲमट्रॅकची गाडी धाडकन जाते, ते त्यांना आवडेलच. मग आजूबाजूला वाघिणी उभ्या आहेत का ते त्यांना शोधू दे, मोजू दे, आणि विचारा, "यात काय असेल? कुणासाठी आलं असेल?" उत्तर चुकलं तरी चालेल.

आणि जमलं तर त्या १९५८ च्या गिरणीची गोष्ट सांगा. एकच गिऱ्हाईक उरलं होतं, आणि नव्या मालकांनी पहिल्यांदा त्याचाच माल पोचवला.

तुमच्या गावाजवळून अशी एखादी छोटी मालरेल्वे जाते का? टेक्सास, ओहायो, कॅलिफोर्निया, कुठलीही. काय वाहते, कुणासाठी वाहते, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. मुलांनी मोजलेल्या वाघिणींचा आकडाही चालेल.