ढगळ सूटचा गुन्हा : कापडाच्या रुंदीमागचा इतिहास

१/१४
पुरुषांच्या सूटची रुंदी सध्या पुन्हा वाढली आहे. अंगाला घट्ट बसणारे आखूड कोट आणि घोट्यापाशी निमुळत्या होणाऱ्या तंग पँट मागे पडत आहेत. रुंद लॅपेल, सैल खांदे, कमरेपाशी चुण्या असलेल्या ढगळ पँट आणि डबल ब्रेस्टेड कोट लग्नसमारंभांपासून चित्रपटसृष्टीच्या सोहळ्यांपर्यंत दिसू लागले आहेत. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात अशाच ढगळ सूटपायी तरुण मुलांना भर रस्त्यात मारहाण झाली आणि त्यांच्या अंगावरील कपडे फाडले गेले. त्या घटनेचा आणि तिच्या आधी-नंतरच्या सूटचा हा इतिहास.

२/१४
सूटच्या इतिहासाचा आरंभ बहुधा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजापासून सांगितला जातो. ऑक्टोबर १६६६ मध्ये, लंडनच्या भीषण आगीला जेमतेम महिना उलटला असताना, राजाने दरबारासाठी नवा पोशाख जाहीर केला : लांब बंडी, तिच्यावर कोट आणि खाली गुडघ्यापर्यंतची विजार. फ्रेंच दरबाराच्या खर्चिक फॅशनपासून आपल्या सरदारांना परावृत्त करणे हा त्यामागील एक हेतू होता. सॅम्युअल पेपिस या अधिकाऱ्याने त्या दिवसांतील आपल्या रोजनिशीत या निर्णयाची नोंद केली आहे. पुरुषाने किती आणि कोणते कापड वापरावे, हे सत्तेने ठरवण्याचा प्रघात सूटच्या जन्माइतकाच जुना आहे.

३/१४
पुढील दीडशे वर्षांत रेशीम, जर आणि भडक रंग पुरुषांच्या पोशाखातून हळूहळू गेले. बो ब्रमेल (१७७८–१८४०) या लंडनच्या छानछोकी तरुणाने गडद कोट, स्वच्छ पांढरे कापड आणि अचूक बेतणी यांनाच प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे कर्जापायी १८१६ मध्ये त्याला फ्रान्सला पळून जावे लागले, पण त्याची अभिरुची टिकली. जे. सी. फ्ल्यूगल या मानसशास्त्रज्ञाने १९३० मध्ये या बदलाला पुरुषांचा ‘महान त्याग’ असे नाव दिले. दागिने आणि रंग सोडल्यावर पुरुषाची ऐपत कापडाच्या प्रतीवरून आणि शिलाईवरून ओळखली जाऊ लागली.

४/१४
आज ज्याला सूट म्हणतात, तो एकाच कापडाचा कोट-पँटचा जोड एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाला. आरंभी तो घरगुती आणि सहलीचा वेश मानला जाई. औपचारिक प्रसंगी लांब फ्रॉक कोटच घातला जाई. कारकून, दुकानदार आणि कामगार यांनी सणासुदीला आखूड कोटाचा सूट स्वीकारला, आणि विसाव्या शतकात तोच सर्वमान्य पोशाख ठरला. कोटाची शेवटची गुंडी लावू नये, या संकेताचे मूळ सातव्या एडवर्डच्या वाढत्या पोटात शोधले जाते. ही कथा बहुधा दंतकथाच आहे, पण आजचे कोट मात्र ती गुंडी मोकळी राहील अशाच बेताने शिवले जातात.

५/१४
ढगळ सूटची कथा इथून सुरू होते. पहिल्या महायुद्धानंतर फ्रेडरिक शोल्टे या लंडनच्या शिंप्याने ‘ड्रेप’ नावाची नवी बेतणी रूढ केली. लष्करी अधिकाऱ्यांचे जाड ओव्हरकोट कमरेला आवळले की छातीवर आणि पाठीवर कापडाच्या हलक्या घड्या पडत, आणि माणूस रुंद व बळकट दिसे. शोल्टेने तोच परिणाम सूटमध्ये साधला. छातीवर जास्तीचे कापड, मऊ खांदा, बारीक कंबर. त्याचे सर्वांत प्रसिद्ध गिऱ्हाईक म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स, पुढे ड्यूक ऑफ विंडसर झालेला आठवा एडवर्ड. राजपुत्राच्या अंगावर ही सैल बेतणी साऱ्या जगाने वाखाणली, आणि हॉलिवूडच्या नटांनी तिचे अनुकरण केले.

६/१४
१९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममधील कृष्णवर्णीय तरुणांनी ही सैल बेतणी टोकाला नेली. गुडघ्यापर्यंत लोंबणारा कोट, भरीव रुंद खांदे, छातीपर्यंत चढणारी पँट, मांडीला आणि गुडघ्याला प्रचंड घेर आणि घोट्यापाशी एकदम अरुंद तोंड. घेरामुळे पाय मोकळे फेकता येत, आणि अरुंद तोंडामुळे ते कापडात अडकत नसत. जाझच्या तालावर नाचण्यासाठी ही रचना सोयीची होती. डोक्यावर रुंद काठाची हॅट आणि कमरेपासून खाली झुलणारी घड्याळाची लांब साखळी. या वेशाला ‘झूट सूट’ म्हणत, आणि कित्येक ठिकाणी त्याचे दुसरे नाव ‘ड्रेप’ हेच होते. गायक कॅब कॅलोवेने १९४३ च्या ‘स्टॉर्मी वेदर’ चित्रपटात तो दिमाखात मिरवला.

७/१४
दुसऱ्या महायुद्धाने कापड हा राष्ट्रीय प्रश्न केला. सैन्याच्या गणवेशांसाठी लोकर हवी होती. मार्च १९४२ मध्ये अमेरिकेच्या युद्ध उत्पादन मंडळाने पुरुषांच्या सूटमधील कापडावर बंधने घातली. पँटच्या पायाची दुमड बंद झाली, कोटाची लांबी मर्यादित झाली. झूट सूट शिवणे जवळपास बेकायदा ठरले, तरी काही शिंपी ते चोरून शिवतच राहिले.
ब्रिटनमध्येही त्याच वर्षी दुमड आणि डबल ब्रेस्टेड कोट यांवर बंदी आली. तिथले पुरुष मात्र मुद्दाम लांब पँट विकत घेऊन घरी तिची दुमड शिवून घेत. नियम तिथेही मोडला जात होता, पण त्यासाठी कोणाला रस्त्यात कोणी मारले नाही.

८/१४
लॉस एंजेलिसमध्ये झूट सूट घालणारे बहुतेक तरुण मेक्सिकन वंशाचे होते. स्थलांतरित आईबापांची, अमेरिकेत वाढलेली ही मुले स्वतःला ‘पाचुको’ म्हणवीत. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘स्लीपी लगून’ नावाच्या जलाशयाजवळ होसे दियास हा तरुण जखमी अवस्थेत सापडला आणि नंतर मरण पावला. पोलिसांनी शेकडो मेक्सिकन तरुणांची धरपकड केली. जानेवारी १९४३ मध्ये सतरा जणांना दोषी ठरवण्यात आले. खटल्याच्या काळात काही आठवडे आरोपींना केस कापू दिले नाहीत की कपडे बदलू दिले नाहीत. ते गुन्हेगार दिसावेत, अशी ही व्यवस्थाच होती. ऑक्टोबर १९४४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली, पण तोवर वर्तमानपत्रांनी झूट सूट म्हणजे गुंडाचा गणवेश हे समीकरण पक्के करून टाकले होते.

९/१४
३ जून १९४३ च्या रात्री नौदलाचे सुमारे पन्नास खलाशी आपल्या तळावरून बाहेर पडले आणि दिसेल त्या झूट सूटवाल्यावर तुटून पडले. दुसऱ्या रात्री खलाशांनी टॅक्सींचा ताफाच भाड्याने घेतला आणि मेक्सिकन वस्त्यांचा रस्ता धरला. चित्रपटगृहांतील दिवे लावायला लावून मुलांना खुर्च्यांवरून ओढून बाहेर काढले गेले. त्यांना मारहाण करून त्यांचे सूट फाडले गेले, जाळले गेले. ७ जूनला जमाव हजारोंचा झाला. तेव्हा झूट सूट न घातलेले मेक्सिकन, कृष्णवर्णीय आणि फिलिपिनो तरुणही सुटले नाहीत. लष्कराने सैनिकांना शहरात जाण्यास मनाई केली, तेव्हाच दंगल ओसरली.

१०/१४
पोलिसांनी शेकडो जणांना अटक केली. त्यांतील बहुसंख्य मार खाल्लेले मेक्सिकन तरुण होते. हल्लेखोर सैनिकांपैकी फार थोड्यांवर कारवाई झाली. नगर परिषदेने झूट सूट घालणे हाच गुन्हा ठरवण्याचा ठराव मांडला आणि त्यासाठी पन्नास दिवसांच्या कैदेची शिक्षा सुचवली. तो कायदा प्रत्यक्षात आला नाही. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी आपल्या वृत्तपत्रीय सदरात या दंगलीचे मूळ वंशभेदात असल्याचे लिहिले. त्यावर स्थानिक वृत्तपत्राने त्यांच्यावरच कम्युनिस्टांची भाषा बोलत असल्याचा आरोप केला.

११/१४
कापडाची नासाडी हे दंगलीचे उघड सांगितले जाणारे कारण होते. ते पुरेसे नाही. कापड वाचवायचे असेल तर ते कोणी फाडून जाळत नाही. शिवाय याच मेक्सिकन कुटुंबांतील हजारो मुले त्या वेळी अमेरिकन सैन्यात लढत होती. सैल बेतणीचा मान राजपुत्राला होता. ज्यांनी रस्त्यात अंग चोरून चालावे अशी अपेक्षा होती, त्यांनी तीच बेतणी घालून रस्ता अडवावा, हे शहराला खपले नाही.

१२/१४
पोशाखाने दर्जा सांगावा आणि तो दर्जा इतरांनी ठरवावा, हा अनुभव महाराष्ट्राला अपरिचित नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांनी कोणते कपडे आणि दागिने घालावेत, याचे बंधन गावोगाव होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना, पोशाखावरून जात ओळखू येऊ नये अशा रीतीने लुगडे नेसण्याचे आवाहन केले. महात्मा गांधींनी १९२१ मध्ये मदुराई येथे पंचा स्वीकारला आणि अनेक नेत्यांनी विदेशी कापड टाकले, त्या काळात बाबासाहेब सूट घालत राहिले. जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून ते गेले तेही सूटमध्येच. गावोगावच्या पुतळ्यांवरील निळा सूट आज त्याच समतेच्या दाव्याची खूण आहे.

१३/१४
युद्धानंतर सूटची रुंदी अनेकदा बदलली. १९६० च्या दशकात लॅपेल आणि पँट दोन्ही अरुंद झाले, १९७० च्या दशकात लॅपेल पसरले. १९८० च्या ‘अमेरिकन जिगोलो’ चित्रपटात जॉर्जो अरमानी यांचे सैल सूट गाजले. त्यांनी कोटाच्या आतील कडक अस्तर आणि भराव कमी केल्याने कापड अंगावरून वाहू लागले. २००० नंतर हेदी स्लिमान यांनी ‘दिओर ओम’ साठी केलेल्या अतिकृश सूटने काटा पुन्हा उलट फिरवला. आजचा ढगळ सूट ही त्या कृशपणावरची प्रतिक्रिया आहे.

१४/१४
तो नीट घालायचा तर जुन्या शिंप्यांची समज उपयोगी पडते. सैलपणा छातीत आणि मांडीत असावा. खांद्याची शिवण मात्र खांद्याच्या हाडाशीच संपावी. चुण्यांची पँट नैसर्गिक कमरेवर चढवावी, म्हणजे घेर सरळ खाली पडतो. डबल ब्रेस्टेड कोट उभे असताना बंद ठेवावा, साध्या कोटाची शेवटची गुंडी मोकळी सोडावी. नव्या कोटाच्या मागील चिरेवरील कच्चे टाके घालण्यापूर्वी उसवावेत.
१९४० च्या आसपास शिवलेला एक दुर्मीळ झूट सूट लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयाने २०११ मध्ये लिलावात विकत घेतला. ज्या शहराच्या रस्त्यांवर असे सूट फाडून जाळले गेले, तिथेच तो आता जपून ठेवला आहे.