परमुलखाचे फूल, इथला चुना

कार्नेशन हे फूल आज पुण्याच्या आसपासच्या हरितगृहांतून गुच्छात बांधून येते आणि स्वागतसमारंभात आपल्या हाती पडते. त्याचे रानटी भाऊबंद मात्र डोंगरकुरणांवर वीत-दोन वीत उंच वाढतात. फुले बहुधा गुलाबी, पाकळ्या पाच आणि त्यांच्या कडा कात्रीने कातरल्यासारख्या. इराणच्या पठारापासून हिमालयापर्यंत, आणि पार दक्षिणेस आफ्रिकेतील लेसोथोच्या उंच कुरणांपर्यंत, या कुळाच्या जाती विखुरल्या आहेत. ग्रीकांनी ते झ्यूस देवाचे फूल मानले. १७५३ साली लिनियसने ‘डायँथस’ म्हणून तेच नाव शास्त्रात रूढ केले. फारसी नाव मला अधिक घरगुती वाटते : मीखक, म्हणजे चिमुकला खिळा. लवंगेलाही हाच शब्द. अरबीत लवंग म्हणजे करनफुल, तर तुर्कीत हे फूल करनफिल. पूर्वेची लवंग गलबतांतून पश्चिमेला गेली आणि वासाच्या साधर्म्यापायी एका डोंगरी फुलाला आपले नाव देऊन बसली!

मराठवाड्याच्या वैशाखात हे रानफूल तग धरणारे नव्हे. पण रेखाटन होऊन त्याचे गणगोत इथवर येऊन पोचले. १६२० साली जहांगीर काश्मिरात वसंत पाहायला गेला, तेव्हा त्याच्या मन्सूर नावाच्या चित्रकाराने तिथली शंभरावर फुले रंगवली. पुढे मोगल कारागिरीत फूलझाडाचे एक वळणच पडले : मोकळ्या जागेवर एकच रोप, देठ, पाने, कळी आणि फूल यांसकट ताठ उभे. गालिच्यांवर, कमरेच्या पटक्यांवर कार्नेशन, लिली, आयरिस अशी थंड मुलखातली फुले डुलू लागली.

हे वळण औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बीबी का मकबऱ्यावर दिसते. दिलरस बानू १६५७ साली याच शहरी वारली. तिचा बाप शाहनवाजखान इराणच्या सफवी राजकुळातला. तेव्हा डोंगरी फुलांचा मुलूख हा तिच्या पूर्वजांचाच मुलूख. संगमरवराच्या गाड्या सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने पाहिल्या. तीनशेच्या आसपास गाड्या होत्या आणि लहानातल्या लहान गाडीलाही बारा बैल होते, असे तो लिहितो. तरी दगड पुरवून पुरवूनच वापरला. खर्चाचा आकडा ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा सांगतात. खालचा पट्टा आणि घुमट सोडले, तर बरेचसे काम काळ्या दगडावर चुन्याच्या गिलाव्याचे आहे.

‘गरिबाचा ताज’ म्हणून नाक मुरडणारे नेमके इथेच थांबतात, आणि मला त्यांचा राग येतो. आग्ऱ्याला फूल संगमरवरात कोरले. कोरणाऱ्याला सवड होती. चुन्याचे तसे नाही. तो ओला आहे तोवरच पाकळी वळवायची. एकदा धरला की संपले. त्या गवंड्यांतील बहुतेकांनी इराणचे वा काश्मीरचे कुरण जन्मात पाहिले नसणार. म्हणूनच इथल्या फुलाची जात सांगू गेलात तर फसाल. नमुन्यावरून नमुना उतरताना ते लिलीही राहिले नाही, मीखकही नाही. दख्खनी चुन्याचे म्हणून एक फूल तयार झाले. मला ते आग्ऱ्याच्या फुलापेक्षा जवळचे वाटते.

प्रवेशद्वाराच्या पितळी पत्र्याच्या दारांवर वेलबुट्टी आहे, आणि तिथे वास्तुकार अताउल्लाह व हंसपतराय यांची नावे कोरली आहेत. गिलावा करणाऱ्यांची नावे कुठेच नाहीत. तो गिलावा पावसाळ्यामागून पावसाळे सोसतो आहे. कुठे शेवाळाने काळवंडतो, कुठे पापुद्रे सुटतात. दगड फुटला तर तसा दगड बसवता येतो. चुन्यातली पाकळी गळली, तर ती पुन्हा वळवायला बोटांत ती सवय असलेला माणूस लागतो. शहरात हिमरूच्या मागावर रेशीम-सुताची फुले विणणारे हात उरले आहेत, पण थोडेच.