दुखणें सांगतां न येणाऱ्या मुलांचे दांत

दाढ दुखूं लागली म्हणजे चांगला शहाणासुरता माणूसहि रात्रभर घर डोक्यावर घेतो. परंतु ज्या मुलास बोलतां येत नाहीं, दुखतें कोठें हें बोटानेंहि दाखवितां येत नाहीं, त्यानें काय करावें? तें जेवण नाकारतें, स्वतःच्याच हातास चावा घेतें, भिंतीवर डोकें आपटतें. आणि घरचीं माणसें म्हणतात, आज याचा हट्ट वाढला आहे! अशा मुलांच्या तोंडाकडे आपली दृष्टि कशी सावकाश वळली, ती हकीकत आज सांगावयाची आहे. आणि तिचे कांहीं महत्त्वाचे धागे, २०२४ पासून ज्यास अहिल्यानगर म्हणतात, त्या अहमदनगर जिल्ह्यांत सांपडतात.

भोर समितीनें १९४६ सालीं अहवाल दिला, तेव्हां तीन लक्ष लोकांमागें एक शिक्षित दंतवैद्य असा देशाचा हिशेब निघाला होता. दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ सालीं झाला. त्याच दशकांत, १९४४ सालीं, मुंबईस वकील दांपत्यानें आपल्या मुलीकरितां राहत्या घरीं शाळा काढली. तीच पुढें जय वकील या नांवानें प्रसिद्धीस आली. दोन्ही कामें अशीं एकाच सुमारास मार्गास लागलीं. पण शाळा मुलाची बुद्धि पाही, दंतवैद्य दांत पाही, आणि दोघांची गांठ क्वचितच पडे.

वास्तविक गांठ पडण्यास कारणें पुष्कळ होतीं. अपस्मारावर फेनिटॉइन हें औषध १९३८ सालीं प्रचारांत आलें. झटके थांबूं लागले. पण दुसऱ्याच वर्षीं दिसून आलें कीं, तें घेणाऱ्या अनेकांच्या हिरड्या वाढून दांतांवर चढतात. डाऊन यांनीं १८६६ सालीं वर्णिलेल्या अवस्थेंतील मुलांना दांत उशिरां येतात व हिरड्यांचे विकार लौकर जडतात. त्यांपैकीं सुमारें निम्म्यांच्या हृदयांत जन्मतः दोष असतो, आणि तोंडांतील जंतु रक्तावाटें तेथवर पोहोंचण्याचें भय राहतें. मेंदूच्या पक्षाघातांत गिळण्याचे स्नायु ताब्यांत नसतात. घास गालाशीं साचून राहतो. त्यांतच रोजचें औषध साखरेच्या पाकांत घोळलेलें!

साखरेचें नांव निघालें म्हणजे नगर जिल्हा आठवणारच. लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं १९५० सालीं सहकारी साखर कारखाना चालू झाला; आणि योगायोग असा कीं, पुढें त्याच लोणीस ग्रामीण दंत महाविद्यालयहि निघालें. उंसाच्या मळ्यांत दंतवैद्य तयार व्हावे, ही गोष्ट मला लहान वाटत नाहीं. तथापि खुर्ची कितीहि उत्तम असली, तरी तिच्यापर्यंत मुलास आणणार कोण?

याचें अर्धें उत्तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, जामखेडास मिळालें. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं तेथें काम आरंभिलें, आणि गांवोगांवच्या, पुष्कळदां निरक्षर, स्त्रियांस आरोग्याचें शिक्षण दिलें. १९७९ सालीं त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें. दांत हा कांहीं त्या कार्याचा मुख्य विषय नव्हे. पण रोगी दवाखान्यांत येण्याची वाट न पाहतां गांवच्याच बाईनें घरीं जाऊन मूल पाहावें, ही त्यांची रीत. आणि जें मूल आपली तक्रार घेऊन कधींच येणार नाहीं, त्याच्यासाठीं मला तरी हिच्याहून चांगली रीत दिसत नाहीं.

लहान मुलाचें तोंड पाहण्यास खुर्चीहि लागत नाहीं. आई व वैद्य गुडघ्यास गुडघा लावून समोरासमोर बसतात. मुलाचे पाय आईच्या कमरेशीं, डोकें वैद्याच्या मांडीवर. खर्च होतो तो वेळेचा.

कायदाहि हळूहळूच आला. १९९५ च्या कायद्यानें सात प्रकारचीं व्यंगें मानलीं, २०१६ च्या कायद्यानें एकवीस; आणि या दुसऱ्या कायद्याच्या पंचविसाव्या कलमांत अशा व्यक्तींस उपचारांत अग्रक्रम देण्यास सांगितलें आहे. मध्यंतरीं २०१३ सालीं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. दुभंगलेला ओठ व टाळू, डाऊन यांची अवस्था, विकासांतील विलंब आणि दांतांचे विकार हे सारे त्याच्या यादींत एका कागदावर आले. त्याचीं पथकें अंगणवाड्यांत वर्षांतून दोनदां, सरकारी व अनुदानित शाळांत एकदां जाऊन मुलें तपासतात, अशी योजना आहे. अंगणवाडीचें वय उलटलेलें आणि शाळेंत नांवच न घातलेलें मूल मात्र यांपैकीं कोणत्याहि हजेरीपटावर नसतें.