पतंग उडवून कुणाचं पोट भरतं?

"पतंग उडवून कुणाचं पोट भरलंय का?" हा प्रश्न संक्रांतीच्या सुमारास मराठी घरात हटकून विचारला जातो. विचारणारे वडील असतात आणि ज्यानं उत्तर द्यायचं तो गच्चीवर असतो. त्याला नायगाराची हकीकत ठाऊक असती, तर तो मुद्दाम खाली आला असता.

अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधून नायगारा नदी दोनशे फुटांहून खोल घळीतून धावते. तिच्यावर झुलता पूल टांगायचं काम चार्ल्स एलेट या इंजिनिअरनं घेतलं. झुलता पूल लटकतो दोरांवर. दोर एकदा पलीकडे पोचला की पुढचं सगळं गणित कागदावर सुटतं. पण पहिला दोर न्यायचा कुणी? होडीतून न्यावा, तर खाली पाणी असं उसळलेलं की होडीच परत दिसायची नाही. शेवटी एलेटसाहेबांनी चक्क पतंगांची शर्यत लावली! बक्षीस पाच डॉलर.

पंधरा-सोळा वर्षांचा होमन वॉल्श पतंग घेऊन निघाला. पोरगा अमेरिकेतला, पण वारा कॅनडाकडून वाहणारा. म्हणून आधी होडीनं नदी ओलांडून (जिथं ओलांडता येत होती तिथं) पलीकडे गेला आणि तिथून त्यानं ढील दिली. पतंग पोचलाही, पण दोरा खालच्या बर्फाच्या कडांवर घासून तुटला. आपल्याकडे पेच शेजारच्या गच्चीशी होतो, इथं तो गोठलेल्या नदीशी झाला. त्यात बर्फामुळे होडी बंद. आठवडाभर पोरगा परमुलखात अडकला. त्याच्या आईनं त्या दिवसांत पतंगाला काय काय म्हटलं असेल, याची इतिहासानं नोंद ठेवलेली नाही. होडी सुरू झाल्यावर तो घरी परतला, पतंग दुरुस्त केला आणि पुन्हा पलीकडे जाऊन १८४८च्या जानेवारीअखेरीस दोरा पोचवलाच.

मग त्या दोऱ्याला जरा जाड दोरी बांधून ओढली, तिला आणखी जाड, तिला सोल आणि सोलाला तारेचा दोर. मार्चमध्ये त्या तारेला लोखंडी पाळणा लटकवून एलेट स्वतः पलीकडे जाऊन आला. मग लोकही पैसे मोजून पाळण्यात बसू लागले. पुढे टोलच्या पैशांवरून एलेटचं कंपनीशी वाजलं. टोल आणि भांडण ही जोडी आपण शोधून काढलेली नाही, हे वाचून मला तरी बरं वाटलं.

कोलोरॅडोमधल्या रॉयल गॉर्जवर १९२९ साली पूल झाला तेव्हा पतंग लागला नाही. दोन्ही कड्यांवरून दोर खाली सोडले, तळाशी त्यांची गाठ मारली आणि वर ओढून घेतले. साधी विहिरीवरची अक्कल! आर्कान्सा नदीपासून ९५५ फूट उंच असा हा पूल सहा महिन्यांत उभा राहिला आणि २००१पर्यंत जगातला सर्वांत उंच पूल म्हणून मिरवला. आणि तो कुठं नेतो? कुठंच नाही. खाली बघून घाबरायला लोक पैसे देतील, एवढ्याच हिशेबानं तो बांधला. हिशेब चुकला नाही.

चीनमध्ये सीदू नदीवर तर दोन्ही कडे इतके अवघड, की पहिला दोर रॉकेटला बांधून सोडला. २००९ साली खुला झालेला हा पूल नदीपासून ४९६ मीटर उंच आहे. पोराच्या हातचा पतंग मोठा झाला, एवढंच.

तिथल्याच ग्वेइचौ प्रांतात सप्टेंबर २०२५मध्ये ह्वाज्यांग दरीवरचा पूल सुरू झाला. उंची ६२५ मीटर, म्हणजे नदीच्या पात्रात एकावर एक दीड-पावणेदोन आयफेल टॉवर रचले तरी वर जागा उरेल. पूर्वी ही दरी उतरून-चढून पलीकडे जायला दोन तास लागत, आता दोन मिनिटं. गावच्या माणसाला त्या दोन तासांचं मोल. पाहुण्यानं त्या दोन मिनिटांत खाली बघायचं की डोळे मिटायचे, हे ज्याचं त्यानं ठरवावं.