पासवर्ड न देता परवानगी

ऑफिसच्या स्लॅकला स्वतःचं अ‍ॅप जोडताना आधी ‘स्कोप’ निवडावे लागतात. अ‍ॅपने मेसेज फक्त टाकायचे, की वाचायचेही? बरेच जण वैतागून दिसेल त्यावर टिक करतात. पण मंडळी, ही यादी सहजासहजी आलेली नाही.

२००६ च्या सुमारास एखाद्या साइटला दुसरीकडचा तुमचा डेटा हवा असला, की ती सरळ तिथला पासवर्डच मागायची. म्हणजे दुधाची पिशवी आत ठेवायला दूधवाल्याला अख्ख्या घराची किल्ली! फ्लिकर, गूगल, याहू यांनी तोडगे काढले, पण प्रत्येकाचा वेगळा. मग ट्विटरचा ब्लेन कुक आणि इतर काही जण एकत्र आले आणि डिसेंबर २००७ मध्ये ‘ओऑथ १.०’ तयार झालं. ऑगस्ट २०१० अखेर ट्विटरने बाहेरच्या अ‍ॅप्सचं पासवर्डवर चालणं बंदच केलं. ऑक्टोबर २०१२ च्या ‘ओऑथ २.०’ मध्ये स्कोपला प्रमाणित जागा मिळाली. २०१४ मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं स्लॅक, म्हणजे फ्लिकरवाल्या स्टुअर्ट बटरफिल्डचंच पुढचं काम, अ‍ॅप्सना याच पद्धतीने टोकन देतं.

टोकन चोरीला गेलं, तर चोराच्या हाती लागतं तुम्ही टिक केलेलं तेवढंच. तेव्हा टिक जरा जपून!