मोकूफ आणि वक्फ

‘शिक्षा मोकूफ’ ही बातमी वाचताना वक्फ आठवतो. दोन्हींचा अरबी धातू एकच, अर्थ ‘थांबणे’. मिळकत वक्फ केली की तिची विक्री, बक्षीसपत्र, वारसांतली वाटणी थांबते. उत्पन्न धर्मकार्याला, गोरगरिबांना जाते. ‘मौकूफ’ फारसीमार्गे आपल्याकडे मोकूफ झाला. आपला ‘वाकबगार’ही याच घराण्यातला.

मिळकत थांबली, तरी कारभाराचे तंटे थांबत नाहीत. अजमेर दर्ग्याच्या वक्फ मिळकतीच्या कारभारासाठी १९५५मध्ये कायदा झाला. भाविकांच्या नजराण्यावरचा हक्क जातो म्हणून खादिम, म्हणजे दर्ग्याचे पिढीजात सेवक, न्यायालयात गेले. १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. तो निकाल आपल्या न्या. गजेंद्रगडकरांनी लिहिलेला आहे, जरूर वाचावा.

आज बातम्यांत ‘वक्फ’ म्हणजे वादातली जमीन एवढाच अर्थ उरतो आहे. शब्द दानाचा आहे. तो तसाच वापरा.