चौकोनी डबे, गोल खोबण

एप्रिल १९७० मध्ये चंद्राच्या वाटेवर अपोलो-१३ यानातील प्राणवायूची टाकी फुटली आणि तिघा अंतराळवीरांनी जोडीच्या चांद्रउतरण-यानाचा आसरा घेतला. तेथे प्राणवायू पुरेसा होता. अडचण होती ती उच्छ्वासाची.

माणूस दिवसाकाठी सुमारे १ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. तो शोषण्यासाठी यानात लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे असत. त्याचे २ रेणू कार्बन डायऑक्साइडचा १ रेणू बांधतात. म्हणजे ४४ ग्रॅम वायूला ४८ ग्रॅम शोषक. प्रयोगशाळेतील नेहमीचे सोडियम हायड्रॉक्साइड वापरले, तर ८० ग्रॅम लागते. (लिथियम महाग खरे, पण अंतराळात वजन त्याहून महाग!)

उतरण-यान २ माणसांना सुमारे २ दिवस, म्हणजे ४ मनुष्यदिवस पुरावे असे बेतलेले. आता माणसे ३ आणि परतीचे दिवस साडेतीन: गरज दहाच्या वर. मुख्य यानात डबे होते, तेच रसायन भरलेले. पण दोन्ही याने वेगवेगळ्या कंपन्यांची, त्यामुळे डबे चौकोनी आणि इथली खोबण गोल.

ह्यूस्टनच्या अभियंत्यांनी प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, अंतराळपोशाखाच्या नळ्या व चिकटपट्टी यांतून जोड बनवून पाहिली आणि कृती रेडिओवरून पायरीपायरीने सांगितली. जोड बसताच मापकाचा काटा झपाट्याने खाली आला.